दुसऱ्या डिव्हिजनचा युरोपियन कप

फुटबॉल मॅनेजर हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या मित्राने परवा एक भन्नाट गोष्ट दाखवली. युरोपातल्या फक्त दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबांची स्पर्धा, त्याने स्वतः तयार केलेली!

पीसीवर गेमसोबत एडिटर मिळतो. कोणत्या लीगमधून किती संघ, गट की थेट नॉकआउट, बक्षीस किती, सगळं आपण ठरवायचं. मग तयार झालेली फाइल नवी सेव्ह सुरू करतानाच लोड करा.

आणि मंडळी, अशी स्पर्धा खरंच झाली आहे! अँग्लो-इटालियन कप. १९९२ ते १९९६ या काळात तो इंग्लंड आणि इटलीच्या दुसऱ्या डिव्हिजनचे क्लब खेळायचे. फायनल थेट वेम्बलीवर.

१९९३ मध्ये क्रेमोनेसेने डर्बी काउंटीला ३-१ हरवलं. १९९४ मध्ये ब्रेशियाकडून साक्षात रोमानियाचा स्टार जॉर्जे हाजी उतरला, तोही नॉट्स काउंटीसमोर! नॉट्सने पुढच्या वर्षी आस्कोलीला २-१ हरवून कप उचलला आणि त्याच मोसमात लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला घसरले. शेवटचा कप जेनोआचा, पोर्ट व्हेलवर ५-२.

मोठ्या क्लबांच्या सेव्हपेक्षा मला गेममध्ये अशी स्पर्धा खेळण्यात कितीतरी जास्त मजा वाटते. एडिटरमध्ये कुठे अडलात तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा. आणि तुम्ही कोणता क्लब घ्याल, तेही सांगा!