जमिनीलगतची टाकी आणि दमणारा सायफन

फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलला हमखास विचारतात, सायफनचा वेग कशावर ठरतो? दोन पातळ्यांमधल्या फरकाच्या वर्गमुळावर, असं आपण घडाघडा सांगतो आणि बाहेर येऊन कॅन्टीन गाठतो. ज्यांच्या घरी माशांची टाकी जमिनीलगत आहे त्यांना मात्र हे दर रविवारी आठवतं. (सायफनला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कोणी शिकवलं नाही, तेव्हा सायफनच चालवून घ्या.)

आधी पाणी बदलायचंच कशाला? माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट कमी विषारी, पण ते साचत जातं. पाणी आटलं म्हणून वरून दोन तांबे ओतले तरी ते कमी होत नाही, जुनं पाणी बाहेर काढावंच लागतं. आठवड्याला साधारण पाव टाकी.

सगळे सल्ला देतात, "टाकी टेबलावर ठेवा ना!" आमच्याकडे ते शक्य नाही. पॅरालिसिसनंतर आजीची गादी खालीच घातली आहे आणि तिला मान फार वर करता येत नाही. गप्पी तिच्या डोळ्यांसमोर हवेत, म्हणून टाकी चार इंचाच्या चौरंगावर. त्यात बाबांची कंबर धरलेली, म्हणजे भरलेली बादली उचलायची तर आईने किंवा मी.

आता आकडे बघा. टाकी २ फूट बाय १ फूट, पाणी २७ सेंमी. म्हणजे पाण्याची पातळी फरशीपासून ३७ सेंमी. पाव टाकी म्हणजे १३ लिटर काढले की ती ७ सेंमीने उतरून ३० वर येते. तेवढ्यात इकडे बादलीत पाणी २३ सेंमीपर्यंत चढलेलं असतं. पाईपचं तोंड बादलीच्या तळाशी बुडलेलं असेल तर फरक ३७ वरून थेट ७ वर! वर्गमूळ घेतलं तर वेग निम्म्याहूनही कमी. टेबलावरच्या टाकीत हाच फरक १०२ वरून ७२ वर येतो, म्हणून तिथे कोणाला काही जाणवत नाही. दोन्हीकडे पातळी एक झाली की प्रवाह बंद. गवंडीकाका पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने भिंतीवर लेव्हल काढतात, तेच तत्त्व. मधला पाईप टाकीच्या काठावरून किती वर गेला याने मात्र वेग बदलत नाही, ओरलला इथे बरेच जण फसतात.

यातून दोन गोष्टी निघतात. वाळूतली घाण उचलायला वेग लागतो, म्हणून वाळू आधी साफ करायची, साधं पाणी नंतर काढायचं. आणि एक बादली काठोकाठ भरण्याऐवजी दोन बादल्या अर्ध्या भराव्यात. पातळी कमी चढते, शिवाय आईला उचलायला सहा-सात किलोच. बाथरूम जवळ असेल तर पाईप सरळ तिथल्या जाळीत सोडा. तिथली फरशी बहुधा थोडी खालीच असते. फक्त पाईप अर्ध्या इंचाचा घ्या, लांब आणि बारीक पाईपमध्ये सगळा जोर घर्षणातच जातो. सुरुवात तोंडाने ओढून करू नका प्लीज! पाईप टाकीत पूर्ण बुडवून भरायचा, एका टोकावर अंगठा दाबून ते बादलीत न्यायचं, सोडायचं.

भरताना मात्र खालची टाकी अगदी गुणी. बादली स्टुलावर ठेवा आणि सायफन लावा, पाणी आपोआप उतरतं. नळाचं पाणी आधी अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घालून घ्यावं. रात्रभर उघडं ठेवलं तर साधा क्लोरीन उडतो, क्लोरामाइन उडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हात पाण्यात घालण्याआधी सगळे प्लग काढा. हीटर असेल तर तो उघडा पडून काच तडकू शकते. एक्स्टेंशन बोर्ड फरशीवर नको, भिंतीवर वर लावा, कारण पाणी सांडणारच, आणि आमच्याकडे त्याच फरशीवर आजीची गादी आहे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे की नाही तेही पाहून घ्या.

एअरपंप खाली ठेवला तर तो पाण्याच्या पातळीखाली येतो. लाईट गेली की हवेचा दाब संपतो, पाणी बारीक नळीतून उलटं येऊन पंपात शिरू शकतं. हाही सायफनच, फक्त आपण न लावलेला. पंप पातळीच्या वर टांगा. जमत नसेल तर नळीत छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, माशांच्या दुकानात स्वस्तात मिळतो. बसवण्याआधी दोन्ही बाजूंनी फुंकून बघा. ज्या बाजूने हवा आत जाते ती बाजू पंपाकडे.