दहा मिनिटे गुणिले चार हजार

पस्तीस लाख फाइली. एकेक फाइल उघडून फक्त मिनिटभर पाहायची, रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, असे ठरवले तर शेवटच्या फाइलीपर्यंत पोहोचायला 20 वर्षे लागतील. 2017 साली विंडोजचा कोड एवढा होता: सुमारे 35 लाख फाइली, 300 जीबी. त्यावर जवळपास 4,000 इंजिनिअर काम करत होते आणि रोज 1,760 बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार केलेल्या चालत्या आवृत्त्या, निघत होते.

हा सगळा पसारा मायक्रोसॉफ्टला गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, हलवायचा होता. गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स कर्नलसाठी लिहिले. विंडोजएवढे ओझे त्याने कधी उचललेच नव्हते. कोडची प्रत आपल्या मशीनवर उतरवायला 12 तासांहून जास्त लागू लागले, एका ब्रँचवरून, म्हणजे कोडच्या एका समांतर शाखेवरून, दुसरीवर जायला दोन ते तीन तास. आणि 'स्टेटस' ही कमांड, म्हणजे 'मी आत्ता कुठल्या फाइली बदलल्यात?' हा दिवसातून कितीदा तरी विचारायचा साधा प्रश्न, त्याचे उत्तर यायला 10 मिनिटे.

दहा मिनिटांचे ते काय, तेवढ्यात चहा होतो, असे म्हणणाऱ्याने कागद घेऊन गुणाकार करावा. 4,000 जणांनी ही कमांड दिवसातून एकदाच दिली तरी 40,000 मिनिटे होतात, म्हणजे 667 तास. जणू 83 माणसे रोज कामावर यायची, आठ तास स्क्रीनकडे बघत बसायची आणि घरी जायची. वर्षभर. एका कमांडपायी!

मायक्रोसॉफ्टने हे चालवून घेतले नाही. एका इंजिनिअरला 35 लाखांपैकी साधारण 50 हजार ते एक लाख फाइलीच लागतात, हे त्यांनी हेरले. मग बाकीच्या उतरवायच्याच कशाला? त्यांनी स्वतः नवी व्यवस्था बांधली. तीत सगळ्या फाइली मशीनवर दिसतात, पण जी उघडाल तीच खरोखर येते. 12 तासांचे काम काही मिनिटांवर आले, ब्रँच बदलणे 30 सेकंदांवर, स्टेटस चार-पाच सेकंदांवर. वरचे 667 तास आता साडेपाच तासांत बसतात.

या हिशेबात न धरलेले नुकसान मला जास्त मोठे वाटते. प्रोग्रामरच्या डोक्यात एका वेळी दहा धागे धरलेले असतात. दहा मिनिटे थांबला की ते सुटतात, आणि पुन्हा जुळवायला लागणारा वेळ कुठल्याच टाइमशीटवर येत नाही.

गूगलचा 2015 चा आकडा तर आणखी दडपून टाकणारा आहे: कोडच्या 200 कोटी ओळी, 25,000 डेव्हलपर आणि कामाच्या दर दिवशी 40,000 बदल, त्यातले 16,000 माणसांनी केलेले. तिथे प्रत्येकाची रोज पाच मिनिटे वाया गेली, तर 260 माणसांचा अख्खा दिवस गेला.

हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत टीम सांभाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या भरतीची फाइल मंजूर करण्याआधी आपल्या माणसांशेजारी एक दिवस बसा. बिल्ड लावल्यावर ती किती मिनिटे थांबतात, ते घड्याळ लावून मोजा आणि माणसांच्या संख्येने गुणा.