भूकंपाची चाहूल आणि एक कलती मान

 पाटण तालुक्यातील एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मोत्या दहा महिन्यांचा, गावठी, एरवी शहाणा. गेला पंधरवडाभर तो पहाटे उठून फेऱ्या घालतो, माती उकरतो, कण्हतो, साखळी ताणतो, आणि उन्हे अंगणात उतरली की काहीच घडले नाही अशा थाटात भाकरीवर तुटून पडतो. कोयनेच्या मोठ्या भूकंपाआधी माहेरच्या कुत्र्यांनी असाच उच्छाद मांडला होता, अशी सासूबाईंची जबानी पडल्यामुळे घरची मंडळी सध्या अंगणात निजतात. पत्राच्या शेवटी, 'हल्ली तो मान एका अंगाला कलती धरतो,' असेही एक वाक्य जाता जाता आले आहे.

सासूबाईंच्या जबानीचा अनादर करण्याचा माझा मुळीच मानस नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर हलले, त्यांनी कुत्र्याच्या कण्हण्याने दचकून उठावे यात नवल नाही. तथापि पुराव्याची शहानिशा करू गेल्यास असे दिसते की, 1962 च्या सुमारास कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यापासून त्या टापूत लहानसहान धक्क्यांची रीघ लागली ती अद्याप थांबलेली नाही. इतकी की भूगर्भात खोल छिद्रे पाडून हे प्रकरण मुळातून तपासण्यासाठी केंद्र सरकारने कराडनजीक हजारमाचीस स्वतंत्र प्रयोगशाळाच थाटली आहे. जेथे जमीन वरचेवर हलते तेथे कोणत्याही दिवशी बेचैन झालेल्या कुत्र्याच्या पाठोपाठ एखादा धक्का दाखवून देता येतो, आणि ज्या रात्री कुत्रे विव्हळले पण धरणी स्वस्थ राहिली त्या रात्रींची नोंद कोणाच्याच दप्तरी नसते.

कुत्र्याला धक्का आधी कळत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. भूकंपाच्या लहरी दोन जातींच्या: पहिली हलकी, सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावणारी, दुसरी घरे पाडणारी, साडेतीनाच्या आसपास रेंगाळणारी. पहिलीचा स्पर्श माणसाला बहुधा जाणवत नाही, जमिनीवर पोट टेकून निजलेल्या कुत्र्याला जाणवू शकतो. कोयनानगराहून सातारा सरळ रेषेत चाळीसएक किलोमीटर. म्हणजे साताऱ्याच्या कुत्र्याच्या पदरात पाच सेकंदांची आगाऊ वर्दी पडते आणि पाटणच्या कुत्र्याच्या पदरात जेमतेम दोन सेकंदांची. मोत्याने दोन सेकंद आधी उडी मारली असती तर मी टोपी काढून त्याला मुजरा केला असता. पंधरा दिवस आधीचा इशारा मात्र त्याच्या कुवतीबाहेरचा आहे.

पिसाळण्याची शंका अशा वेळी प्रथम घ्यावी. तो रोग एकदा उमटला की माघार घेत नाही, दहा दिवसांच्या आत जनावराचा निकाल लावतो. पंधरा दिवस रोज सकाळी शुद्धीवर येऊन भाकरी खाणारा कुत्रा त्या वर्गात बसत नाही. लस टोचलेली नसल्यास ती मात्र टोचून घ्यावी.

आता त्या कलत्या मानेकडे वळतो, कारण सबंध पत्रात मला तेच वाक्य मोलाचे वाटले. कार्तिकात आपल्या डोंगरउतारांवरचे कुसळी गवत पिकते. त्याचे एक कुसळ हातावर घेऊन पाहावे: पुढे सुईसारखे तांबूस-काळे टोक, त्यावर मागे वळलेली बारीक लव, आणि पाठीशी पिळलेली लांब शेपटी. तळहातावरच त्या शेपटीवर पाण्याचा थेंब सोडला तर ती पीळ सोडून गरगर फिरू लागते आणि टोक पुढे रेटते. पुन्हा वाळली की उलटी फिरते, पण लव आड येत असल्यामुळे टोक मागे येत नाही. जमिनीत बी पेरण्याची ही निसर्गाची अप्रतिम युक्ती तरुण, हुंदडणाऱ्या कुत्र्याच्या कानात शिरली म्हणजे त्याची काय दशा होत असेल याची कल्पना करावी. दिवसा गुरे, पोरे, कोंबड्या यांच्या गडबडीत ठणका विसरला जातो. निजानीज झाली की तो एकटाच उरतो. अशा कानात तेल ओतू नये, काडी तर घालूच नये, कारण काडीने कुसळ पडद्याकडे सरकते. पशुवैद्याकडून दिव्याच्या नळीने कान पाहून घ्यावा, आणि त्याच बैठकीत पायांच्या बोटांमधल्या बेचक्याही पाहावयास सांगाव्यात.

माझा कौल कुसळाकडे आहे. परंतु साखळी ताणण्याचा खुलासा कुसळाने पुरतेपणी होत नाही, म्हणून भगिनींना एक विचारणा: मोत्या साखळी कोणत्या दिशेस ताणतो? बाहेर, गावाच्या रोखाने ताणीत असेल तर गावात कोठेतरी कुत्री माजावर आहे असे समजावे. भाद्रपदात सुरू होणारा तो हंगाम कार्तिकापर्यंत रेंगाळतो, आणि दहा महिन्यांचा नर नुकताच वयात आलेला असल्यामुळे त्याला हा सगळाच अनुभव नवा असतो. त्यावर औषध नाही, दोनतीन आठवडे धीर धरणे आहे.

उलट तो शेपटी पोटाशी घेऊन घराकडे, दाराच्या रोखाने ताणीत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. कोयनेचे अभयारण्य उशाशी असलेल्या गावांत बिबट्या पहाटेच्या सुमारास घरांच्या अगदी मागून जातो, आणि साखळीला बांधलेला कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा जीव शिकारीत वाघापासून एका कुत्र्याने वाचविला, तेव्हा महाराजांनी त्याला रीतसर सनद करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला, असे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने काहीशा थट्टेच्या सुरात नोंदविले आहे. डफसाहेबांना त्यात लहर दिसली, मला बक्षिसी वाजवी वाटते. मोत्याला पालखी नको, पण रात्री त्याची साखळी सोडून त्याला दाराआड घ्यावे, मागच्या बाजूस दिवा ठेवावा, ठसे आढळल्यास वनखात्यास कळवावे. आणि दिशेचा निर्णय होईपर्यंत मंडळींनी भूकंपाच्या भयाने अंगणात टाकलेली अंथरुणे आज रात्रीच घरात घ्यावीत.