रिव्हर्स हॉर्नमधला बेथोव्हेन

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००१मध्ये श्कोडा आली आणि औरंगाबाद गाड्यांचं शहर झालं. त्याच काळात गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या बोळांत एक धून वाजू लागली. गाडी मागे घेतली की ‘टिडी-टिडी-टिडी’ सुरू. धून बेथोव्हेनची. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला मनाई आहे, पण ती मनावर घेतली कोणी?

या रचनेचं नाव ‘फ्यूर एलिझे’, म्हणजे ‘एलिझेसाठी’. बेथोव्हेनने ती १८१०च्या सुमारास लिहिली, पण छापली नाही. तो १८२७मध्ये गेला. पुढे चाळीस वर्षांनी, १८६७ साली, लुडविग नोल या अभ्यासकाने ती प्रसिद्ध केली. नोलने पाहिलेलं हस्तलिखित नंतर हरवलं. एलिझे कोण, यावर अजून वाद चालतो; कोणी तेरेझे माल्फाटीचं नाव घेतं, कोणी एलिझाबेथ रॉकेलचं. मला त्या वादात फारसा रस नाही. महत्त्वाचं हे, की रचना लोकांसमोर आली तेव्हा शोपाँ आणि शूमान दोघेही हयात नव्हते, आणि त्यांच्या छोट्या पियानो-रचनांवर पोसलेल्या रोमँटिक कानांनीच ती ऐकली.

आपल्या सरगमीत पाहू. मूळ सूर षड्ज मानला, तर सुरुवातीला पंचम आणि तीव्र मध्यम आळीपाळीने येतात. मग ऋषभ, लगेच शुद्ध मध्यम, कोमल गंधार आणि षड्ज. दोन्ही मध्यम इतक्या जवळ आल्याने ओळ सारखी लटकत राहते. पंचमावर टेकावं की खाली उतरावं, हे तिचं ठरत नाही. षड्ज लागला की डावा हात खालून सूर उचलतो. स्वरलिपीत इथे अतिशय हळू आवाजात वाजवण्याची खूण आहे, आणि हॉर्न नेमकी हीच ओळ सगळ्या गल्लीला ऐकवायचा!

याचं कारण चिपेत आहे. यूएम ६६ नावाची, ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी तीन पायांची चिप इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी दारावरच्या बेलसाठी हमखास वापरलेली असते. तिच्या १९ क्रमांकाच्या प्रकारात हीच धून आहे आणि स्मृतीत जागा फक्त ६४ सुरांची. हॉर्नमधल्या चिपाही याच जातीच्या. त्यात पहिला भाग कसाबसा मावतो, पुढचे दोन बाहेरच राहतात.

दुसऱ्या भागात कोमल धैवत नवा षड्ज होतो आणि सगळं क्षणभर हसरं वाटतं. तिसऱ्यात डावा हात खर्जातला एकच षड्ज ठोकत राहतो, वर अस्वस्थ स्वरसमूह दाटतात, मग सूर झपाट्याने वर चढून बाराही स्वरांच्या पायऱ्यांनी खाली उतरतात आणि पहिली ओळ पुन्हा येते. आता ती नाजूक वाटत नाही, थकलेली वाटते. माझ्या मते ही रचना मोठी ठरते ती या तिसऱ्या भागामुळे.

२०२३मध्ये शहर अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं, तोवर कॅमेरे आणि सेन्सरच्या ‘बीप’ने ती धून बरीचशी हटवली होती. एका परीने बरंच झालं. पूर्ण रचना जेमतेम तीन मिनिटांची आहे. एकदा शेवटपर्यंत ऐका.