घरचा पाहुणा देवडीवर कां खोळंबतो?

एखादा जुना संगणक माळ्यावर ठेवून त्यांत छायाचित्रें, दस्तऐवजांच्या नकला व हिशेब सांठवावे, आणि घरांतील दुसऱ्या संगणकावरून एस्‌एस्‌एच् पद्धतीनें त्यांत प्रवेश करावा, अशी सोय आतां कित्येक कुटुंबांत झाली आहे. ही पद्धत तातू युलोनेन यांनीं फिनलंडांत १९९५ सालीं तयार केली. परंतु पुष्कळ घरीं तक्रार अशी कीं, पासवर्ड विचारला जाण्यासच दहा-वीस सेकंद लागतात. मग तरुण मंडळी निकाल देऊन मोकळी होतात: संगणक म्हातारा झाला, नवा घ्या! हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

आंत शिरल्यावर काम झपाट्यानें चालत असेल, तर यंत्र निर्दोष समजावें. खोळंबा देवडीवर आहे. प्रथम नांवाऐवजीं अंकी पत्त्यानें प्रवेश मागून पाहावा. तेवढ्यानें विलंब गेला, तर नांवाचा पत्ता शोधण्यांत आपल्याच संगणकाचा वेळ जात होता. तरीही विलंब राहिला, तर बहुधा माळ्यावरचा संगणक उलट चौकशी करीत असतो: हा पत्ता कोणाचा? मिळालेलें नांव फिरून त्याच पत्त्याकडे नेतें काय? पूर्वीं नांवावर विश्वास टाकून प्रवेश देत, त्या काळीं ही खबरदारी योग्यच होती.

पण घरांतील १९२.१६८ नें आरंभ होणारे पत्ते घरोघरीं तेच असतात. आपल्या वर्गांतील सतरावा विद्यार्थी कोण, हें परगांवच्या मास्तरांस विचारावें, तसाच हा प्रकार! ‘ठाऊक नाहीं’ असें उत्तर तात्काळ आलें, तर बिघडत नाहीं. उत्तरच आलें नाहीं म्हणजे लिनक्स प्रणाली सामान्यतः पांच सेकंद थांबून पुन्हा एकदां विचारते. नांवें सांगणारा एकच असला तरी दहा सेकंद गेले. बाहेरची आंतरजाल-जोडणी तुटली असतां घरांतल्या घरांतही प्रवेश रेंगाळतो, त्याचें मर्म हेंच.

उपाय दोन. माळ्यावरच्या संगणकांतील ‘होस्ट्‌स’ फायलींत पाहुण्या संगणकाचा पत्ता व नांव लिहावें. पुष्कळजण ही नोंद पाहुण्याच्याच संगणकांत करितात, ती व्यर्थ होय. शिवाय राउटरमध्यें तो पत्ता कायमचा नेमून द्यावा. नाहींतर उद्यां क्रमांक बदलेल. दुसरा उपाय ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ फायलींत ‘यूजडीएनएस नो’ असें लिहिण्याचा. ओपनएसएसएचमध्यें २०१५ पासून मूळचीच योजना अशी आहे. जुन्या यंत्रांत मात्र पाहून घ्यावें. त्रासून पासवर्डच काढून टाकणें हा उपाय नव्हे. सर्व घराचे दस्तऐवज त्या दाराआड आहेत.

मात्र किल्ल्यांच्या यादींत प्रवेशाची मर्यादा नांवानें घातली असेल, तर दुसऱ्या उपायानंतर ती पत्त्यानें लिहावी लागते. आणि बदल करितांना आधींचा एक प्रवेश उघडाच ठेवून दुसऱ्या खिडकींतून नवा करून पाहावा. एखादें अक्षर चुकलें, तर माळ्यावर चढण्याची पाळी येत नाहीं.