फाशीचा कैदी आणि न्यायाचे दार

कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली दोन बहिणींना फाशीची शिक्षा सुनावली. लहान मुलांचे अपहरण आणि हत्या, असा तो गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली शिक्षा कायम केली. राष्ट्रपतींनी २०१४ साली दयेचा अर्ज फेटाळला. तरीही १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. दयेच्या अर्जाचा निकाल लागण्यास साडेसात वर्षांहून अधिक काळ गेला आणि तो सरकारी दिरंगाईमुळे गेला, हे त्याचे कारण. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय राखला. मात्र जन्मठेप कोणतीही सूट न देता मरेपर्यंत भोगावी, असे ठरविले.

‘अशांना कसले हक्क?’ असे कोणी विचारील. ती चीड स्वाभाविक आहे. पण २००३ सालच्या महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सहा गरीब भटक्यांना फाशी ठरविली आणि २०१९ साली त्याच न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष म्हणून सोडले. मधल्या काळात दोर ओढला गेला असता तर? नियम पाळावयाचा तो याचसाठी. आणि दोषी कोण हे आधी ठाऊक नसल्यामुळे तो सर्वांसाठीच पाळावा लागतो.

मग देशाबाहेर दाद मागता येते काय? युरोपासाठी स्ट्रासबर्ग, अमेरिका खंडासाठी सॅन होजे व आफ्रिकेसाठी अरुशा येथे मानवी हक्कांची न्यायालये आहेत. स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने तर १९८९ सालीच, फाशीच्या छायेत वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे ही अमानुष वागणूक ठरू शकते, असा निकाल दिला. आशियाला मात्र असे न्यायालय नाही. निःपक्ष सुनावणीची हमी देणारा नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ साली स्वीकारला. पण व्यक्तीला तक्रार घेऊन जाऊ देणारा त्याचा जोडकरार स्वीकारलेला नाही.

हेगचे न्यायालय केवळ राष्ट्रांचे वाद ऐकते. सांगलीत जन्मलेले कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने २०१७ साली फाशी सुनावली, तेव्हा भारत हेगला गेला. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल लागला: वकिलातीची भेट नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला, सबब शिक्षेचा खरोखर फेरविचार व्हावा आणि तोवर फाशी स्थगित राहावी. सुटकेची भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही.

जाधवांसाठी आपण काय मागितले? सुटकेबरोबरच, आरोपीला आपले म्हणणे नीट मांडता यावे, हेही. परक्याच्या दारात जे मागतो, ते आपल्या घरात नाकारता येत नाही. भारतातील कैद्याला वर दुसरे दार नाही. म्हणून राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाचे दार उघडे राहिले पाहिजे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरातच बसू लागले आहे. वकील वेळेवर मिळतो की नाही, दयेचा कागद कोणाच्या मेजावर किती दिवस पडून आहे, हे विचारणे आता आपल्या हाताशी आले आहे.