पावसाचा दिवस किती वाजता सुरू होतो?

हवामानाचा डेटा तारखेनुसार गोळा करणारी स्क्रिप्ट जेमतेम दहा ओळींची. पण त्यातली तारखेची एक ओळ कशी लिहिता, यावर ‘अतिवृष्टी झाली’ की ‘झालीच नाही’ हे ठरू शकतं.

तुम्ही हिंगणघाटचे असाल तर जुलैतला पाऊस तुम्हाला सांगायला नको. वणा नदी फुगली की गावात एकच विषय. वडनेरला धो-धो आणि अल्लीपूरला नुसती भुरभुर, असंही होतं. आणि मग कापूस, सोयाबीन पाण्यात गेलेल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो : आपल्या मंडळात अतिवृष्टी लागली का?

ही अतिवृष्टी डोळ्यांनी ठरत नाही, आकड्यानं ठरते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, हा आपल्या राज्यातला ओळखीचा निकष. ‘महावेध’ प्रकल्पातून मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, ती यासाठीसुद्धा. एखादं केंद्र दर दहा मिनिटांनी नोंद करत असेल तर दिवसाला १४४ ओळी होतात. एका जुलैच्या ४,४६४. एवढ्या ओळी बोटावर कोण मोजणार? इथं तुमची स्क्रिप्ट कामाला येते.

पायथॉन थोडंफार येत असेल तर ‘पँडाज’ नावाची लायब्ररी ऐकली असेलच. सीएसव्ही फाइल उघडायची, वेळेच्या रकान्यातून तारीख काढायची, ‘ग्रुपबाय’ करायचं, बेरीज घ्यायची. संपलं! लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडून हेच जमतं. कोडिंगचा कंटाळा असेल तर एक्सेलचा पिव्हट टेबलही तेच करतो.

फक्त एक भानगड आहे. तुमच्या स्क्रिप्टची तारीख रात्री बाराला बदलते. हवामान खात्याच्या पावसाची मात्र सकाळी साडेआठला! आज सकाळी साडेआठला जो आकडा नोंदला जातो, तो काल साडेआठपासूनच्या २४ तासांचा, आणि त्यावर तारीख पडते आजची. साडेआठच का? कारण तेव्हा ग्रीनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि जगभरची हवामान केंद्रं ठरलेल्या ग्रीनिच वेळांना एकदम निरीक्षणं घेतात. त्यातली ही एक वेळ.

आता हिशेब करून बघा. समजा १५ जुलैला पहाटे चारला पाऊस सुरू झाला आणि दुपारी बाराला थांबला. साडेआठपर्यंत ४५ मिलिमीटर, नंतर ४०. कॅलेंडरच्या तारखेनं बेरीज केली तर १५ तारखेला ८५, म्हणजे सरळ अतिवृष्टी. साडेआठच्या हिशेबानं १५ तारखेला ४५ आणि १६ तारखेला ४०. दोन्ही दिवस ६५ च्या आत. पाणी तेवढंच, शेत तेच, पण अतिवृष्टी गायब.

उलटंही होतं बरं का. रात्री नऊ ते पहाटे तीन असा पाऊस आला, बारापर्यंत ३५ आणि नंतर ३८, तर कॅलेंडरला काहीच दिसत नाही आणि साडेआठचा दिवस ७३ दाखवतो. त्यामुळे ‘अमुक पद्धत शेतकऱ्याच्या फायद्याची’ असं म्हणता येत नाही. आपण कोणता दिवस धरला हे माहीत असणं आणि ते कागदावर लिहिणं, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

स्क्रिप्टमध्ये हे करायचं कसं? प्रत्येक नोंदीच्या वेळेत १५ तास २९ मिनिटं मिळवा आणि मग तारीख काढा. दुपारी दोनची नोंद आपोआप उद्याच्या तारखेत जाते. साडेपंधरा तास का नाही? कारण बरोबर साडेआठची नोंद आधीच्या दहा मिनिटांचा पाऊस सांगते. ती संपणाऱ्या दिवसात राहायला हवी. एक मिनिट कमी केलं की ती तिथंच राहते.

परदेशी डेटा वापरणाऱ्यांनी जास्त सांभाळायचं. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा ‘ईआरए५’ डेटा तासातासाचा आणि फुकट आहे, पण वेळ ग्रीनिचची. तसाच ग्रुप केलात तर तुमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो! आधी साडेपाच तास मिळवा, मग बाकीचं.

आपल्या हवामान खात्याचा १९०१ पासूनचा रोजच्या पावसाचा चौकटींतला डेटाही मोफत उतरवता येतो. पण एका चौकटीची बाजू साधारण २५ किलोमीटर. वडनेर-अल्लीपूरमधला फरक त्यात शोधू नका.

दुसरा धोका जास्त छुपा आहे. केंद्र बंद पडलं, दिवसभर एकही नोंद नाही, तर पँडाज रिकाम्या रकान्यांची बेरीज काय देतं? शून्य! म्हणजे बंद केंद्र आणि कोरडा दिवस दोन्ही सारखेच दिसतात. आणि केंद्र बंद पडायला मुसळधार पावसाचा दिवस अगदी सोयीचा असतो. म्हणून बेरजेशेजारी नोंदींची संख्याही काढायची. १४४ पैकी ६० च असतील तर त्या दिवसापुढं खूण करा, आकडा खरा मानू नका.

बाकी किरकोळ. तापमानाची बेरीज नको, कमाल-किमान घ्या. वाऱ्याच्या दिशेची सरासरी तर अजिबात नको, ३५० आणि १० अंशांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा थेट दक्षिणेचा. ०५/०७ ही तारीख पाच जुलै आहे की सात मे, हेही पँडाजला स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर ते अमेरिकन पद्धतीनं महिना आधी धरतं.

आणि २०२३ पासून राज्यात सततचा पाऊसही नैसर्गिक आपत्तीत धरला जातो. त्यातल्या अटींमध्ये सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर ही एक आहे. दिवसाची सीमा सरकली की ही साखळीही तुटू शकते.

तर २०२२ चा जुलै घ्या, वणेला पूर आला होता तो. एकाच डेटावर दोन्ही पद्धतींनी ग्रुप करा. एकाच यादीत ६५ च्या वर गेलेले आणि दुसऱ्या यादीत नसलेले दिवस वेगळे काढा, शेजारी नोंदींची संख्या लिहा, आणि तो कागद शेती करणाऱ्या एखाद्या काकांसमोर ठेवा. त्या दिवशी बांधावर किती पाणी होतं, ते त्यांना बरोबर आठवत असेल.